फ्लॉरेन्समध्ये आपल्या राजाराम महाराजांच्या आठवणीचा पूल आहे, त्या नदीवरच्या पुलांचा इतिहास कुणी सांगेल का?

शाळेच्या_बाई:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच एका शाळेत सातवी-आठवीला इतिहास शिकवते. यंदा मुलांच्या भित्तिपत्रकाचा विषय आहे 'कोल्हापूरबाहेरचं कोल्हापूर', आणि त्यात एका मुलीनं इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या समाधीचे फोटो आणलेत, तिची आत्या तिकडं जाऊन आलीय. समाधी छत्रपती राजाराम महाराजांची, १८७० साली युरोपातून परत येताना वारले ते. एका फोटोत समाधीजवळ भला मोठा केबलचा पूल दिसतोय आणि त्या पुलाचं नावच म्हणे 'इंडियानो' आहे, म्हणजे आपल्या महाराजांवरनं पडलेलं. वर्गात हे सांगितल्यावर पोरं जी सुटली प्रश्न विचारत! महाराज गेले तेव्हा हा पूल होता का, नसेल तर नदी कुठून ओलांडत होते, त्या गावात एकच पूल एवढा प्रसिद्ध का, बाकीचे जुने पूल कुठं गेले. पुस्तकात एवढं सगळं काही मिळत नाही आणि नेटवर इटालियन पानंच जास्त. कुणी तिकडं राहिलंय, वाचलंय, पुलाबिलाचं शिकलंय, तर जरा सविस्तर लिहा ना. मुलांना वाचून दाखवणार आहे, त्यामुळं जे पक्कं आहे तेवढंच लिहा प्लीज.

आर्नोकाठचा_कोल्हापुरी:

बाई, विषय काढलात ते लई बरं झालं. मी मूळचा शिवाजी पेठेतला, नोकरीमुळं बरीच वर्षं इटलीत आहे आणि सुट्टी मिळाली की फ्लॉरेन्सला जातो. गेलो की समाधीवर जातोच, कोल्हापूरचा माणूस तिथं न जाता परत कसा येईल.

आधी महाराजांचं सांगतो. नागोजीराव पाटणकर हे त्यांचं मूळ नाव, १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर आले, जन्म १८५० चा. म्हणजे १८७० ला इंग्लंडला गेले तेव्हा वय फक्त वीस. तिकडं राणी व्हिक्टोरियाला भेटले, स्वतः इंग्रजीत डायरी लिहीत होते, ती त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्टनं १८७२ मध्ये छापली. परतीच्या वाटेवर तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. आता मुलांना हे मुद्दाम सांगा, की त्या दिवशी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. १८६५ ला तुरिनहून राजधानी इथं आणली आणि १८७१ ला रोमला नेली, मधली पाच-सहा वर्षंच काय ती. आपला राजा एका राजधानीतनं निघाला आणि दुसऱ्या देशाच्या राजधानीत वारला.

इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, पण सोबतच्या लोकांनी अधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळवली आणि जिथं मुन्योने नावाची छोटी नदी फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीला मिळते त्या संगमावर रात्री अग्नी दिला. आपल्याकडं प्रयाग चिखलीच्या संगमाला जे महत्त्व आहे ते त्या बरोबरच्या माणसांच्या डोक्यात असणारच, म्हणून एवढ्या परक्या गावात त्यांनी संगम हुडकून काढला. १८७४ ला तिथं छत्री उभी राहिली. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे, चार्ल्स फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि तो पांढराशुभ्र संगमरवरी नाही, रंगवलेला आहे. फेटा, दागिने, चेहरा, सगळ्याला रंग. जवळ जाऊन बघितलं की एकदम आपल्या घरातला तरणा पोरगा समोर बसलाय असं वाटतं. आणि छत्रीचं डिझाइन कुणाचं, तर मेजर चार्ल्स मँटचं. आपला न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल ज्यानं केला तोच मँट. कोल्हापुरातनं न्यू पॅलेसवरून रोज जाणाऱ्या मुलांना हे कळलं तर किती भारी वाटेल बघा.

त्या जागेला फ्लॉरेन्सचे लोक नुसतं 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे 'तो हिंदुस्थानी'. शेजारच्या जुन्या इमारतीला पण तेच नाव, आणि पुढं १९७० च्या दशकात तिथं मोठा पूल बांधला त्याला पण तेच, पोंते आल्लिंडियानो. पोंते म्हणजे पूल. पोलादी आहे, केबलवर तोललेला, १९७८ ला पुरा झाला, मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, २०० मीटरच्या वर आणि नदीच्या पात्रात एक खांब नाही. वरनं गाड्या जातात आणि त्याच्या खाली चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळा रस्ता टांगलाय. म्हणजे बाई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर, महाराज गेले तेव्हा हा पूल नव्हता. तो शंभर वर्षांनंतरचा.

शाळेच्या_बाई:

दादा, किती छान लिहिलंत. मँटचं तर मला नवीनच आहे. मग १८७० ला तिथं कुठले पूल होते?

आर्नोकाठचा_कोल्हापुरी:

सहा होते, गावातनं जाणारे. चार जुने दगडी आणि दोन त्या काळातले नवे लोखंडी, साखळदंडावर झुलणारे. वरच्या अंगानं धरलं तर पहिला लोखंडी सान फेर्दिनांदो, मग ग्राझिए, मग वेक्क्यो, मग सांता त्रिनिता, मग काराया, आणि सगळ्यात खाली काशीने बागेच्या जवळ दुसरा लोखंडी सान लेओपोल्दो. हे दोन्ही लोखंडी पूल १८३६-३७ च्या सुमाराला फ्रान्सच्या सेगँ बंधूंच्या कंपनीनं बांधले आणि त्यावर टोल होता. वरचा तर १८४४ च्या पुरात वाहून गेला आणि परत बांधला. दहनाची जागा काशीनेच्या पार पश्चिम टोकाला, म्हणजे महाराजांची शेवटची यात्रा ज्या बाजूनं गेली तिथनं सगळ्यात जवळचा पूल हा सान लेओपोल्दो. आता तो नाही, त्या जागी १९३२ ला व्हित्तोरिया पूल आला आणि तोही युद्धानंतर परत बांधलेला आहे.

राजधानी झाल्यावर गावात एकदम माणसं वाढली, मंत्री, कारकून, सैन्य, सगळे तुरिनहून आले. जुसेप्पे पोज्जी नावाच्या आर्किटेक्टनं नवा आराखडा केला आणि नदीच्या उत्तरेकडची गावाची जुनी तटबंदी पाडून तिथं रुंद रस्ते काढले. वेशी तेवढ्या ठेवल्या. काराया पूलही त्याच वर्षांत रुंद केला. ग्राझिएवर खांबांच्या डोक्यावर छोटी छोटी घरं आणि देवळ्या होत्या, त्यातल्या काही खोल्यांत पूर्वी जोगिणी स्वतःला कोंडून घेऊन राहायच्या, ती सगळी १८७६ ला काढून टाकली. महाराज ज्या आठवड्यात तिथं होते तेव्हा ती घरं जागेवर होती. त्यांनी ती बघितली का ते सांगता येणार नाही, आजारीच होते ते.

कमान_खांब_गाळा:

मी सिव्हिलवाला, पुलांचीच कामं करतो त्यामुळं बोटं शिवशिवली. बाईंनी विचारलंय की एकच पूल एवढा प्रसिद्ध का, तर पोंते वेक्क्यो, म्हणजे 'जुना पूल', हा बांधकामाच्या दृष्टीनं खरंच फार मोठी उडी आहे आणि लोक मात्र त्याच्यावरच्या सोन्याच्या दुकानांचे फोटो काढून परत येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोष्ट अशी. त्या जागी आधी पण पूल होते, १११७ च्या पुरात एक गेला, मग दगडी बांधला तो ४ नोव्हेंबर १३३३ च्या महापुरात गेला. त्या पुरात काराया आणि सांता त्रिनिता पण गेले, टिकला तो फक्त ग्राझिए, १२३७ चा. आता पूल पुरात जातो कसा ते मुलांना सांगा. पाण्याच्या नुसत्या जोरानं दगडी पूल सहसा जात नाही. नदीत खांब जास्त असले की पाण्याला जायला वाट कमी मिळते, वरनं झाडं, लाकडं, तुळया वाहून येतात त्या कमानीत अडकतात, मग पूल धरणासारखा पाणी अडवायला लागतो, एका बाजूला पाणी चढतं, आणि खाली पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करून माती उकरतं. पाया उघडा पडला की संपलं.

रोमन पद्धतीची कमान अर्ध्या वर्तुळाची. अर्ध्या वर्तुळात उंची ही गाळ्याच्या निम्मी असते, म्हणजे ३० मीटरचा गाळा पाहिजे तर कमान १५ मीटर उंच. एवढा उंच पूल भर गावात कसा करणार, बैलगाडी चढणार कशी. म्हणून मग छोट्या छोट्या कमानी आणि खांबच खांब. १३४५ ला जो वेक्क्यो पुरा झाला, म्हणजे आज आहे तोच, त्याला कमानी फक्त तीन. मधली ३० मीटर, बाजूच्या २७-२७ मीटर, आणि उंची चारेक मीटर बस्स. अर्धं वर्तुळ न घेता वर्तुळाचा वरचा चपटा तुकडाच घेतलाय. नदीत खांब दोनच, त्यामुळं पाण्याला वाट मोकळी, आणि वरचा रस्ता जवळजवळ सपाट. याची किंमत अशी, की चपटी कमान दोन्ही बाजूंना फार जोरात रेटते, म्हणून काठावरचे आधार तेवढे दणकट लागतात. हे सगळं गणित लिहून मांडायच्या आधीच्या काळात केलंय, युरोपात एवढ्या चपट्या कमानींचा एवढा मोठा पूल त्याच्या आधी क्वचितच कुणी केला असेल. करणारा कोण याबद्दल दोन नावं घेतात, ताद्देओ गाद्दी आणि नेरी दि फियोरावांते.

गुजरी_कॉर्नर:

आमचा धंदा सोन्याचा त्यामुळं दुकानांचं पण कुणीतरी लिहा की, ती काय उगाच प्रसिद्ध नाहीत.

आर्नोकाठचा_कोल्हापुरी:

लिहितो की. सुरुवातीला तिथं सगळ्या प्रकारची दुकानं होती, १४४२ पासून खाटकांना तिथं बसवलं, कारण घाण सरळ नदीत टाकता यायची आणि गाव स्वच्छ राहायचं. मग १५६५ ला तेव्हाचा राज्यकर्ता कोसिमो मेदिची यानं मुलाच्या लग्नाच्या निमित्तानं व्हासारी या आर्किटेक्टकडून एक लांबलचक बंद मार्ग बांधून घेतला, राजवाड्यातनं कचेरीत रस्त्यावर न उतरता जाता यावं म्हणून, आणि तो पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरनं नेला. पाचेक महिन्यांत काम उरकलं. पुलाच्या एका टोकाला मान्नेल्ली घराण्याचा बुरूज होता, त्यांनी तो पाडायला नकार दिला, तर मार्ग बुरुजाला वळसा घालून दगडी टेकूंवर बाहेरून काढलाय. आजही तिथं उभं राहून वर बघितलं की तो वळसा स्पष्ट दिसतो, चार-पाच पावलांचाच असेल पण एका घराण्यानं राज्यकर्त्याला वाकडं चालायला लावलं ते दगडात राहिलंय. खाली खाटीक आणि वरनं राज्यकर्त्यांची ये-जा, वास सहन होईना, म्हणून १५९३ ला फेर्दिनांदो पहिला यानं हुकूम काढला की इथं फक्त सोनारच बसतील. तेव्हापासून सोनार. दुकानं इतकी लहान आहेत की मागची बाजू पुलाच्या बाहेर नदीवर काढून लाकडी तिरक्या टेकूंवर उभी केलीय. तो व्हासारीचा मार्ग बरीच वर्षं बंद होता, २०२४ च्या डिसेंबरात परत उघडला.

गुजरी_कॉर्नर:

१५९३ पासून सोनार एकाच जागी. जबरदस्त. गुजरीत पण पिढ्यान् पिढ्या बसलेली घरं आहेत पण नदीवर दुकान म्हणजे पुरात काय करत असतील हो?

कमान_खांब_गाळा:

तेच सांगणार होतो. ४ नोव्हेंबर १९६६. तारीख बघा, १३३३ चा महापूर पण ४ नोव्हेंबरचाच. रात्री पाणी वाढत होतं, पुलावरच्या पहारेकऱ्यानं सोनारांना फोन करून कळवलं आणि काही जणांना माल काढून नेता आला. पहाटे पाणी दुकानांतनं आरपार गेलं, झाडांचे ओंडके दुकानांच्या भिंती फोडून आत घुसले. गावात सांता क्रोचे भागात काही ठिकाणी पाणी सहा मीटरच्या वर होतं, चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा मोठा लाकडी क्रूस बुडाला, लायब्ररीतली पुस्तकं चिखलात गेली, आणि ती काढायला कुठनं कुठनं तरुण पोरं आली, त्यांना लोक 'चिखलातले देवदूत' म्हणायला लागले. पण १३४५ चा पूल जागेवर राहिला. कमानींनी सहाशे वर्षांनंतरसुद्धा काम केलं. नंतर त्यांनी गावातल्या पुलांच्या खालचं नदीचं पात्र खोल केलं आणि वरच्या खोऱ्यात बिलान्चिनोचं धरण बांधलं.

उत्तरेश्वर:

वाचून अंगावर काटा आला. आम्ही नदीवेशीला राहणारी माणसं, पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिल्यांदा राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, मग चहा. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं पाणी तेव्हा पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या कमानी जवळजवळ दिसत नव्हत्या. रेडेडोह फुटला की आंबेवाडी-चिखलीचा रस्ता गेला, ते आम्हाला नवीन नाही, पण त्या वर्षी पुणे-बेंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं. अशात तो दगडी पूल, १८७८ च्या सुमाराचा, पाण्यात उभा होता. पाणी उतरल्यावर मी जाऊन बघितलं, खांबांना जलपर्णी आणि उसाचा पाला गुंडाळलेला, मधल्या कमानीत एक अख्खं झाड आडवं अडकलेलं मुळ्यांसकट, पण चिरा हललेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाकीच्या पुलांचं काय झालं ते पण लिहा. बाईंनी विचारलंय. त्यांचे जुने पूल १९४४ ला गेले असं कुठंतरी ऐकलंय.

आर्नोकाठचा_कोल्हापुरी:

हो काका, गेले. ३ आणि ४ ऑगस्ट १९४४ च्या मधली रात्र. दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्त राष्ट्रांच्या फौजा दक्षिणेकडनं वर येत होत्या, जर्मन सैन्य माघार घेत होतं आणि त्यांनी पाठलाग अडवायला आर्नोवरचे पूल सुरुंग लावून उडवले. ग्राझिए, सांता त्रिनिता, काराया, व्हित्तोरिया, सगळे. १३३३ च्या पुरानं ज्याला हात लावला नव्हता तो १२३७ चा ग्राझिए त्या रात्री गेला. एकट्या वेक्क्योला सोडलं, पण पुलावर जाताच येऊ नये म्हणून दोन्ही टोकांची मध्ययुगातली घरं उडवून दगडमातीचे ढिगारे केले. आज पुलाच्या दोन्ही बाजूंना जी घरं एकदम नव्या धाटणीची दिसतात ती त्यामुळं. पूल वाचवायचं श्रेय जर्मनीचा तिथला कॉन्सुल गेर्हार्ड व्होल्फ याला देतात, त्याला नंतर फ्लॉरेन्सनं मानद नागरिक केलं आणि पुलावर त्याच्या नावाची पाटी लावली.

आता सांता त्रिनिताचं ऐका. माझ्या मते सगळ्यात सुंदर पूल हाच, वेक्क्योपेक्षा पण. आधीचा १५५७ च्या पुरात गेल्यावर बार्तोलोम्मेओ अम्मान्नातीनं १५६७ ते १५६९ मध्ये बांधला. सन १६०८ ला एका शाही लग्नासाठी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे बसवले. १९४४ ला सगळं नदीत. युद्ध संपल्यावर गावात वाद सुरू झाला, नवीन काँक्रीटचा पूल करू, का होता तसाच करू. गावकरी म्हणाले, होता तसा आणि होता तिथंच. रिकार्दो जिझ्दूलिच या आर्किटेक्टनं जुने फोटो आणि नदीतनं काढलेले दगड मोजून मोजून जुना आकार ठरवला, कमी पडलेल्या दगडांसाठी बोबोली बागेतली जुनी खाण परत उघडली, आणि १९५८ ला पूल परत उभा राहिला. ग्राझिए १९५७ ला झाला, पण तो नव्या डिझाइनचा. काराया पण जुन्यासारखा नाही.

चार पुतळ्यांपैकी वसंत ऋतूच्या पुतळीचं डोकं काही सापडेना. १९६१ ला नदीतला गाळ काढताना सापडलं. आधी आणून लोकांना बघायला ठेवलं आणि मग पुतळीवर परत बसवलं, मानेवरचा सांधा अजून दिसतो.

कमान_खांब_गाळा:

सांता त्रिनिताच्या कमानीबद्दल एक वाक्य माझंपण घ्या, मुलांना चित्र काढायला उपयोगी पडेल. ती कमान वर्तुळाची नाही आणि सरळ लंबवर्तुळाचीही नाही. काठाजवळ उभी चढते आणि माथ्याकडं एकदम चपटी होते, डावीकडची आणि उजवीकडची वक्ररेषा माथ्यावर अगदी किंचित टोकात मिळतात आणि ते टोक दिसू नये म्हणून वर दगडी कोरीव ढाल बसवलीय. हा आकार अम्मान्नातीनं कसा काढला यावर अजून लेख येतात. उलटी धरलेली लोंबती साखळी, हे त्यातलं एक उत्तर. पोरांना गळ्यातली चेन दोन बोटांत धरून कागदावर गिरवायला सांगा आणि कागद उलटा करा.

संध्यामठ:

सगळं छान आहे पण मला एक कळत नाही, आपण इटलीच्या पुलांवर एवढं लिहितोय आणि आपल्या शिवाजी पुलाच्या इतिहासावर मुलांना चार ओळी मिळत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत मिनीबस कठडा तोडून खाली गेली, १३ माणसं गेली. शेजारचा पर्यायी पूल परवानगीत अडकून किती वर्षं अर्धवट उभा होता ते सगळ्यांनी बघितलंय, ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित म्हणून काम बंद, मग अपघातानंतर आंदोलनं, मग २०१९ ला एकदाचा सुरू. पहिल्यांदा ते लिहा.

उत्तरेश्वर:

तुमचं बरोबर आहे, रागही बरोबर आहे. मी त्या रात्री काठावर होतो, तराफे आणि दोर घेऊन आमची पोरं पाण्यात उतरली होती, ते विसरता येत नाही. पण मला दोन्ही एकच विषय वाटतो. तिकडं १३४५ चा पूल गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना दिला म्हणून तो जगला. आपला दगडी पूल कित्येक वर्षं ट्रक आणि एसटी ओढत होता, आता पर्यायी पूल आहे तर जुन्यावरची जड वाहनं कायमची काढा, कठडा जुन्या घाटाचा पण मजबूत करा, दर पावसाळ्यानंतर पाणबुडे उतरवून खांबांचा पाया तपासा. हे मागायला मुलांना आधी माहिती पाहिजे की दगडी पूल किती जगू शकतो. बाई, तुमच्या भित्तिपत्रकात एका बाजूला आर्नो आणि दुसऱ्या बाजूला पंचगंगा लावा.

संध्यामठ:

असं असेल तर मी पण मदत करतो काका. माझ्याकडं २००५ आणि २०१९ च्या पुरातले पुलाचे फोटो आहेत, एकाच जागेवरनं काढलेले. बाई, शाळेत आणून देतो.

शाळेच्या_बाई:

नक्की द्या, फार उपयोग होईल. काका, तुमचीच आयडिया घेते, दोन नद्या समोरासमोर. अजून एक विचारते, मुलं सारखी राजाराम म्हटलं की गोंधळतात. आणि काराया पुलाचं कुणीच फार लिहिलं नाही, त्याचं काही आहे का?

आर्नोकाठचा_कोल्हापुरी:

राजाराम तीन. पहिले शिवाजी महाराजांचे पुत्र, ताराराणींचे पती, १७०० ला वारले. दुसरे हे फ्लॉरेन्सचे. तिसरे शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ ते १९४० गादीवर होते. राजाराम कॉलेज १८८० चं, तेव्हा तिसऱ्यांचा जन्मही झाला नव्हता, ते नाव फ्लॉरेन्सच्या महाराजांच्या आठवणीचं आहे. मुलांना हे साल सांगितलं की गोंधळ जाईल.

कारायाची गोष्ट वाईट आहे पण सांगण्यासारखी आहे. १३०४ च्या मे महिन्यातला उत्सव, पूल तेव्हा लाकडी होता. काही लोकांनी गावात दवंडी दिली की ज्याला परलोकाची बातमी पाहिजे त्यानं काराया पुलावर आणि नदीकाठी यावं. नदीत होड्यांवर फळ्या टाकून नरकाचा देखावा उभा केला होता, जाळ, भुतं, किंकाळ्या, सगळं. बघायला पुलावर एवढी गर्दी झाली की पूल मोडला, पुष्कळ माणसं बुडाली. जोव्हान्नी व्हिल्लानी या त्या काळातल्या बखरकारानं हे लिहून ठेवलंय, की ज्यांना परलोकाची बातमी हवी होती त्यांना ती खरोखरच मिळाली. १३३३ च्या पुराचं वर्णन पण त्याचंच आहे, कुठल्या दिवशी किती पाऊस, कुठला पूल कधी पडला, मार्स देवाची जुनी मूर्ती वेक्क्योच्या टोकाला होती ती कशी वाहून गेली, सगळं.

कमान_खांब_गाळा:

व्हिल्लानीसारखं लिहिणारा माणूस प्रत्येक नदीला पाहिजे राव. उत्तरेश्वर काकांनी पुराचं जे तोंडी सांगितलंय ते मुलांकडून लिहून घ्या बाई, पातळी, तारीख, कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी, एवढं नेमकं.

शाळेच्या_बाई:

घेते. काका, मुलांना घेऊन येऊ का तुमच्याकडं, एखाद्या शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर?

उत्तरेश्वर:

या की. घरच्या भिंतीवर १९८९, २००५, २०१९, २०२१ चारी वर्षांच्या खुणा रंगानं केल्यात, पोरांना टेप घेऊन यायला सांगा म्हंजे मोजता येतील. नंतर पुलावर पण जाऊ, पण मोठी माणसं चारदोन जास्त आणा, एका बाजूनंच चालायचं.

गुजरी_कॉर्नर:

माझी मुलगी पुढच्या वर्षी शिकायला मिलानला जातीय, तिला समाधीवर जायला सांगणार आहे. स्टेशनवरनं कसं जायचं तेवढं लिहा दादा.

आर्नोकाठचा_कोल्हापुरी:

मिलानहून फास्ट ट्रेननं फ्लॉरेन्सला दोन तासांच्या आत. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळनं टी-१ ट्राम पकडून काशीनेच्या स्टॉपला उतरायचं, आणि तिथनं बागेतनं नदी डाव्या हाताला ठेवून सरळ पश्चिमेला चालत राहायचं, अर्धा-पाऊण तास लागतो, सायकल मिळाली तर उत्तम. बागेच्या टोकाला छत्री आणि मागं पूल दिसेल. पुलाच्या खालच्या चालायच्या रस्त्यावर पण जायला सांगा, तिथनं मुन्योने आर्नोला मिळते ती जागा वरनं बघता येते. उन्हाळ्यात जात असेल तर पाण्याची बाटली बरोबर घ्यायची.